उजेडात धरलेलं पान

ज्या वर्षी लहियाच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं, मोडलं आणि पुन्हा ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. मोडलं ते मुलाच्या आत्याने ‘मुलगी फार बोलते’ असं म्हटलं म्हणून. पुन्हा ठरलं ते मुलगा काहीच बोलत नाही, हे आत्याच्याच ध्यानात आलं म्हणून. घरात कोणीतरी बोलणारं हवंच, असं म्हणत तीच परत दारात आली. लहियाच्या बायकोने तिला बसायला दिलं, पाणी दिलं, आणि आत जाऊन तोंडावर हात दाबून पोटभर हसून घेतलं.

लहिया हिब्रू शास्त्राच्या गुंडाळ्या लिहायचा. त्याच्या बापाने हेच केलं, आज्याने हेच केलं. कमावलेल्या कातड्याची पानं, काजळी आणि डिंकाची शाई, पिसाची लेखणी. एक गुंडाळी पुरी व्हायला दीड वर्ष जायचं. त्या कामाचे नियम कडक होते. सगळं शास्त्र पाठ असलं तरी मनाने एक अक्षर लिहायचं नाही. समोरच्या जुन्या प्रतीत बघायचं, तोंडाने म्हणायचं, मग लिहायचं. देवाचं नाव आलं की हात धुवायचे, हे नाव मी नावाच्या पावित्र्यासाठी लिहितो असं पुटपुटायचं, आणि नाव पुरं होईपर्यंत राजा जरी दारात येऊन उभा राहिला तरी मान वर करायची नाही. बाकी काहीही चुकलं तर चाकूने खरवडून दुरुस्त करता येतं. देवाचं नाव खरवडायचं नाही. ते नको त्या जागी पडलं, तर अख्खं पान मडक्यात घालून कबरस्तानात पुरायचं, माणसाला पुरतात तसं. आणि ज्याने नाव खरवडलं, त्याच्या हातात पुन्हा लेखणी द्यायची नाही.

लहियाने एकतीस वर्षांपूर्वी नाव खरवडलं होतं.

हे त्याला ठाऊक होतं आणि त्याच्या थोरल्या भावाला ठाऊक होतं. जगाला ठाऊक होतं ते उलटं. त्या वेळी दोघे भाऊ एकाच गुंडाळीवर काम करत होते, एक पान याचं, एक त्याचं. बापानेच दोघांचा हात वळवला होता, त्यामुळे कुठलं पान कोणाचं हे आईलाही सांगता आलं नसतं. एका पानावर लहियाच्या लेखणीतून शाईचा थेंब गळला तो नेमका नावावर. त्याने इकडेतिकडे बघितलं, चाकूने हळूच खरवडलं, खडू चोळला आणि त्याच जागी पुन्हा नाव लिहिलं. डोळ्याला काही दिसत नव्हतं. पण लहियाचा मेहुणा, ज्याला सगळे चिमटा म्हणत, तो गुंडाळ्या तपासायचा. त्याने पान खिडकीत उन्हासमोर धरलं, आणि जिथे कातडं पातळ झालं होतं तिथून उजेड आला. बोटाच्या पेराएवढा, मधासारखा पिवळा.

प्रार्थनाघराच्या पंचांनी विचारलं, हे पान कोणाचं? लहियाची बायको तेव्हा पहिल्या खेपेची, सातव्या महिन्यात होती. लहिया म्हणाला, दादाचं. पंचांनी थोरल्याकडे बघितलं. थोरल्याने लहियाकडे बघितलं, बराच वेळ. मग तो म्हणाला, “माझं.” संध्याकाळी त्याने आपली लेखणी उंबऱ्यावर ठेवली आणि तो घर सोडून गेला.

तो गेला तो गावाच्याच दुसऱ्या टोकाला. दुकानांच्या पाट्या रंगवू लागला. हात बापाने वळवलेला, त्यामुळे वर्ष-दोन वर्षांत अर्ध्या बाजारावर त्याची अक्षरं चढली. शिंप्याची पाटी, कुलूपवाल्याची पाटी, दात काढणाऱ्याची पाटी. लहिया तेव्हापासून प्रार्थनाघराला जाताना बाजारातून जात नसे. नदीकडून वळसा घालून जाई. बायकोने कधी कारण विचारलं तर म्हणे, तिकडे वारा बरा असतो.

आणि मनात काय म्हणे? मनात तो म्हणे, देवाच्याच मनात होतं. त्यानेच माझ्या तोंडून ते वदवलं. त्याच्या मर्जीशिवाय पानही हलत नाही, मग माझी जीभ कशी हलेल? या एका वाक्यावर त्याने एकतीस वर्षं काढली. रोज घातलेल्या चपलेसारखं ते वाक्य त्याच्या पायाला बसलं होतं.

आता धाकटीचं लग्न आलं, तेव्हा ती कोणाला न विचारता काकाकडे जाऊन आली. घरी येऊन पाय न धुता सरळ बापासमोर बसली आणि सांगू लागली. काका एका कल्हईवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत राहतात, खोकतात, वैद्याने पावसाळा दिसणार नाही असं सांगितलंय, आणि तरी काका हसून म्हणाले की पावसाळ्यात पाट्यांचा रंग नाहीतरी वाळत नाही. लग्नाला या म्हटलं तर म्हणाले, तुझ्या बापाने बोलावलं तर येईन.

“मग बोलवा की, बाबा,” ती म्हणाली.

लहिया म्हणाला, बघू. बोलावणं अवघड नव्हतं. पण नाव खरवडणाऱ्याला प्रार्थनाघरात मागच्या बाकावर, चपलांपाशी बसावं लागे आणि शास्त्र वाचायला त्याला कोणी पुढे बोलावत नसे. भाऊ आला तर तिथे बसणार, आणि लहिया मुलीचा बाप म्हणून पुढे. खरं सांगावं, तर लेखणी जाणार. आणि मुलाचे आजोबा म्हणजे प्रार्थनाघराचे थोरले पंच. एकदा मोडलेलं लग्न दुसऱ्यांदा मोडायला त्यांना आत्याचीही गरज नव्हती. भावाच्या हातात थोडे आठवडे होते. त्याचं नाव तो जिवंत असताना स्वच्छ करायचं, की ते तसंच त्याच्याबरोबर जाऊ द्यायचं, एवढाच प्रश्न होता. लहिया बघू म्हणाला आणि कामाला बसला.

त्या दिवसांत तो गुंडाळीच्या त्या भागाशी पोचला होता जिथे गुलामांकडून विटा पाडून घेणाऱ्या राजावर एकामागून एक पीडा येतात. पाण्याचं रक्त होतं, बेडूक येतात, माश्या येतात. दर वेळी राजा घाबरून म्हणतो, जा, सोडलं तुम्हाला. पीडा टळली की पुन्हा नाही म्हणतो. शेवटी देव गुलामांसाठी समुद्र फाडून वाट करतो, आणि त्यांच्या मागे धावलेला राजा त्यात बुडतो. शास्त्रात कुठे लिहिलंय की राजाने आपलं मन कठीण केलं, आणि कुठे लिहिलंय की देवाने राजाचं मन कठीण केलं. लहान असताना थोरल्याने बापाला विचारलं होतं, नक्की कोणी केलं? बाप कातडं घासत म्हणाला होता, नीट बघ, सुरुवातीला राजाच करतो. देवापाशी नेऊन दिलं तेव्हा ते कठीणच होतं. त्याने घडवलं असेल, पण माती राजाने आणून दिली.

दुपार होती. खिडकीवर ओलं फडकं टांगलं होतं, त्यातून येणारा उजेड हिरवट, तळ्याच्या बुडाशी असतो तसा. लहियाचा हात आपोआप चालला होता. अक्षरं मुंग्यांच्या ओळीसारखी एकामागून एक जात होती आणि पानाच्या कडेवरून खाली उतरून कुठेतरी धान्य आणायला निघाल्यासारखी वाटत होती. त्याने हात धुतले, की धुतल्यासारखं वाटलं. ओठ हलले, की हलल्यासारखे वाटले. आणि दारात कोणीतरी येऊन उभं राहिलं.

राजा होता. अंगावरचे कपडे ओले, केसांत समुद्राची वाळू, पायांना विटांची लाल माती. तो आत आला तशी फरशी ओली होत गेली. त्याने शाईच्या दौतीकडे, चाकूकडे, खडूकडे कौतुकाने बघितलं, आणि बाकावर पाहुण्यासारखा जरा कडेला बसला.

“उपकार झाले,” राजा म्हणाला.

लहियाने मान वर केली. करायची नव्हती, पण केली. विचारलं, कसले उपकार?

“इतकी वर्षं वाटत होतं, थोडं माझं असेल, थोडं त्याचं. तू सगळं त्याच्यावर टाकलंस. हलकं वाटतंय.” राजाने कानातलं पाणी झटकलं. “आता मी कोणीच नाही बघ. नुसता एक ओला माणूस.”

लहिया म्हणाला की चूक झाली असेल, माझा तसा विचार नव्हता.

“मग खरवड की.”

“नाव खरवडता येत नाही.”

“असं?” राजा म्हणाला, आणि त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, खरोखरच आश्चर्य होतं. “तुला येतं असं ऐकलं होतं.”

लहियाला जाग आली तेव्हा लेखणी त्याच्या बोटांतच होती आणि शाई वाळली होती. फरशी कोरडी होती. त्याने पान बघितलं. राजाने आपलं मन कठीण केलं, असं जिथे हवं होतं, तिथे राजाच्या जागी त्याने देवाचं नाव लिहिलं होतं. सुंदर लिहिलं होतं. गेल्या दहा वर्षांत इतकं सरळ, इतकं शांत नाव त्याच्या हातून उतरलं नव्हतं. ती ओळ आता सांगत होती की देवाने आपलंच मन कठीण केलं, आणि राजाचा त्यात कुठे पत्ताच नव्हता.

तो पानाकडे बघत बसला. चाकू हाताच्या अंतरावर होता. तो त्याने उचलला नाही, हे खरं; पण हलवून दूरही ठेवला नाही.

ऊन उतरायच्या आत चिमटा आला. आताशा तोही म्हातारा झाला होता, पण जीभ तीच. आल्या आल्या बहिणीला म्हणाला, तुझ्या नवऱ्याची गुंडाळी पुरी होईपर्यंत धाकटीची पोरंही लग्नाला येतील. मग पान उचलून खिडकीशी गेला, फडकं बाजूला केलं आणि बोट फिरवत वाचू लागला. लहिया बघत होता. चिमट्याचं बोट पहिल्या ओळीवरून गेलं, दुसऱ्या. तिसरीत ते नाव होतं. चिमट्याने मोठ्याने वाचलं, “राजाने आपलं मन कठीण केलं,” आणि बोट पुढे गेलं.

साठ वर्षं पाठ असलेलं शास्त्र. डोळे अधू झालेले. तो पानावरचं वाचतच नव्हता, डोक्यातलं वाचत होता. शेवटच्या ओळीपर्यंत गेला, पान उन्हासमोर धरलं, कुठेही उजेड आला नाही.

“निर्मळ आहे, भाऊजी,” चिमटा म्हणाला.

लहियाच्या छातीवरून धोंडा उतरला. त्याला वाटलं, बघ, देवाच्याच मनात होतं. त्यानेच चिमट्याचे डोळे झाकले. वाट मोकळी केली. नाहीतर चिमट्यासारखा माणूस चुकेल? हे मनात येऊन पुरं व्हायच्या आतच त्याला जाणवलं की हेच, अगदी हेच वाक्य त्याने पानावर लिहिलंय. आपण केलं आणि त्याचं नाव घातलं. झोपेत हात चुकला नव्हता. हाताने एकतीस वर्षांत पहिल्यांदा मनातलं जसंच्या तसं उतरवलं होतं.

“तिसरी ओळ पुन्हा वाच,” तो म्हणाला. “बोट ठेवून. एकेक अक्षर.”

चिमट्याने वाचली. या खेपेला बोट थांबलं. त्याने पान नाकापाशी आणलं आणि ते नाव पुन्हा निरखलं. मग हळू आवाजात म्हणाला की पुरावं लागेल, होतं असं, वय झालं, माझंही झालं, मला तरी कुठे दिसलं.

लहिया म्हणाला, “ते जुनं पानही माझंच होतं.”

“कुठलं?”

“ज्यातून उजेड आला होता.”

बायको दारात उभी होती. हातात शाई गाळायचं फडकं होतं, त्यातून थेंब पडत होते. ती म्हणाली, “मला वाटायचंच.” चिमट्याने तिच्याकडे बघितलं, तुला वाटायचं तर बोलली का नाहीस, असं विचारलं. ती म्हणाली, मूल पोटात होतं, मग मूल मांडीवर होतं, मग दुसरं. बोलायला मोकळी कधी होते बाई? आणि आत निघून गेली. थोड्या वेळाने बाहेर येऊन तिने नवऱ्याची चप्पल दाराकडे तोंड करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लहिया बाजारातून गेला. एकतीस वर्षांनी. रस्ता तोच होता, पण दोन्ही बाजूंनी दादा बोलत असल्यासारखं वाटत होतं. शिंपी, पांढऱ्यावर निळं. कुलूप-किल्ली, पिवळ्यावर काळं. अक्षरांची पोटं बापाने शिकवली तशी भरदार, शेपट्या तशाच किंचित वर उचललेल्या. सकाळच्या उन्हात रंग ओले असल्यासारखे चमकत होते. आपण शास्त्राच्याच एका लांबलचक पानावरून चाललोय, एवढंच की त्यात दात काढण्याविषयीही लिहिलंय, असं त्याला वाटलं, आणि इतकं सगळं मनात असूनही त्याला हसू आलं.

खोलीत टर्पेंटाइनचा वास होता. खालून कल्हईवाल्याच्या भात्याचा आवाज श्वासासारखा येत होता. थोरला खाटेवर बसून गुडघ्यावर एक छोटी पाटी घेऊन रंगवत होता. त्याने वर न बघता, शेपूट पुरी करून, मग विचारलं.

“आलास का, छोट्या?”

चौसष्ट वर्षांच्या माणसाला छोट्या म्हणणारं जगात दुसरं कोणी उरलं नव्हतं. लहिया जमिनीवर बसला आणि त्याने सगळं सांगितलं. थेंब कसा पडला, चाकू कसा उचलला, पंचांसमोर तोंडातून काय निघालं. काल काय लिहिलं तेही. थोरला ऐकत होता आणि कुंचला पुसत होता.

“हे मला का सांगतोस?” तो शेवटी म्हणाला. “मला तर ठाऊकच आहे. ज्यांना नाही त्यांना सांग.”

लहिया म्हणाला, सांगणार आहे. मग त्याने जे विचारलं ते एकतीस वर्षं विचारायचं राहिलं होतं. “त्याच्या हातात सगळं आहे, दादा. समुद्र फाडतो तो. मग त्या दिवशी माझी जीभ का नाही धरली त्याने?”

थोरल्याला खोकला आला. तो थांबेपर्यंत खालचा भाताही थांबला होता.

“जीभ धरायला मी होतोच की तिथे, हाताच्या अंतरावर. मी म्हटलं, माझं. म्हणजे एक खोटं तू बोललास, दुसरं मी. मला वाटलं मी मोठा त्याग करतोय. तीन वर्षांनी कळलं की त्याग नाही, राग होता. तुला आयुष्यभर टोचत राहावं म्हणून बोललो होतो. आपण दोघांनी मिळून केलं. आता त्याला कशाला मध्ये ओढतोस?”

खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा हळूहळू खाटेवरून उतरून जमिनीवर आला, दोघांच्या पायांवरून गेला आणि भिंतीकडे सरकला. एकदा थोरला म्हणाला, पाट्यांचं एक बरं असतं, चुकलं तर वरून रंग मारायचा, दुकानदार उलट खुश होतो. मग बऱ्याच वेळाने म्हणाला, माझ्या स्वप्नात नावं येतात अजून. कोरी जागा असते आणि मी हात धुवत असतो. पाणी संपत नाही.

शास्त्रवाचनाच्या दिवशी, प्रार्थनाघर भरलेलं असताना, लहिया उठून उभा राहिला. भाषण त्याला येत नव्हतं. तो म्हणाला, एकतीस वर्षांपूर्वीचं पान माझं होतं, नाव मी खरवडलं, भावाचा हात त्याला लागला नव्हता. एवढंच सांगून तो आपल्या जागेवरून निघाला आणि मागच्या बाकावर, चपलांपाशी जाऊन बसला. कोणी त्याला जा म्हटलं नव्हतं. धाकटी बायकांच्या बाजूला होती आणि त्या दिवशी ती काही बोलली नाही.

पंच तीन दिवस बसले. लहियाने लिहिलेल्या सगळ्या गुंडाळ्या काढून एकेक पान उन्हासमोर धरलं गेलं. उजेड कुठेच आला नाही. तरी लेखणी गेली; नियम तो नियम, असं चिमटाच म्हणाला, आणि आपलीही नजर गेलीय असं पंचांना सांगून त्याने स्वतःचं काम आपणहून सोडलं. अर्धी राहिलेली गुंडाळी परगावच्या लहियाकडे गेली. चुकलेलं पान मडक्यात घालून कबरस्तानात पुरलं. माती लहियानेच लोटली.

चौथ्या दिवशी मुलाची आत्या दारात आली. लहियाच्या बायकोला वाटलं, झालं, मोडलं. आत्या बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली की आमचे थोरले पंच दोन रात्री झोपले नाहीत, कारण तेव्हा निकाल देणारे तेच होते आणि त्यांनी कोणालाच दुसऱ्यांदा विचारलं नव्हतं. लग्न ठरल्या दिवशीच होईल. मग उठता उठता म्हणाली, “मुलगी बोलते ती बापावर गेली म्हणायची. त्याला वेळ जरा जास्त लागला, इतकंच.”

लग्नाला निम्मीच माणसं आली. थोरल्या पंचांनी लहियाच्या भावाला हाताला धरून पुढे नेलं आणि वाचायला उभं केलं. त्याचा आवाज खोकल्याने फाटला होता, तरी त्याने सगळं वाचलं, बोट ठेवून, एकेक अक्षर. लहिया मागून ऐकत होता. चपलांचा, चामड्याचा ओळखीचा वास येत होता. मध्ये एकदा त्याचे डोळे मिटले आणि त्याला वाटलं, शेजारी कोणीतरी ओल्या कपड्यांनी येऊन बसलंय आणि ऐकतंय. त्याने या खेपेला मान वळवून बघितलं नाही.

पुढे तो परगावच्या लहियासाठी कातडी घासून द्यायचा आणि काजळी खलायचा. कोणी विचारलं तर सांगायचा की शाई मी करतो, अक्षरं दुसऱ्याची.

थोरला भाऊ लग्नानंतर अकराव्या दिवशी, मंगळवारी सकाळी वारला. चिमटा पुढच्या वर्षीच्या थंडीत गेला. लहिया त्यानंतर सहा वर्षांनी, उन्हाळ्याच्या तोंडी, दुपारी झोपेत वारला. वय एकाहत्तर.